भाचा नोकरी सोडून मिशनच्या ट्रेनिंगला चाललाय. आत नेमकं काय चालतं?

अबोली
नमस्कार. पाच वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आमचं घर ख्रिस्ती. आजोबा सुवार्तिक होते, म्हणजे ख्रिस्ताची शिकवण सांगत सायकलवरून खेडी फिरायचे. त्यांच्यामागे घरातला धर्म हळूहळू रविवारची उपासना, नाताळच्या करंज्या आणि लग्न-मयत एवढ्यावर आला. आता ताईच्या मुलाने चाकणची चांगली नोकरी दोन वर्षांत सोडली. मेकॅनिकल इंजिनिअर आहे. सहा महिन्यांच्या मिशन ट्रेनिंगला जातो म्हणतो. 'बेस' नावाच्या जागी राहायचं, तीन महिने शिकवणी, मग दोन-अडीच महिने 'आउटरीच', म्हणजे बाहेर लोकांत जाऊन काम. आणि फी हाच भरणार! ताई रडून रडून थकली. दाजी निवृत्त मराठीचे शिक्षक, एरवी बोलायला लागले की थांबत नाहीत, ते गप्प बसलेत. एखाद्या हिंदू घरात झाला असता तेवढाच गोंधळ आमच्या चार पिढ्यांच्या ख्रिस्ती घरात झालाय.

मला एवढंच कळून घ्यायचंय की ही मुलं तिथे दिवसभर करतात काय? पुढे पगार नसतो म्हणे, मग जगतात कशावर? आणि मध्येच परत यावंसं वाटलं तर येता येतं का?

धर्मांतर चांगलं की वाईट यावर इथे ढीगभर धागे आहेत. तो विषय इथे नको, हात जोडून विनंती.

तिखटमीठ
शेवटच्या ओळीला शुभेच्छा. मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कंपाउंडकर
जय ख्रिस्त, अबोलीताई.

माझं बालपण नगरच्या (अहिल्यानगर म्हणायला जीभ अजून वळत नाही) एका मिशन कंपाउंडात गेलं. तुमच्या भाच्याचं ट्रेनिंग नव्या पद्धतीचं दिसतंय, मी सांगतो ते जुनं. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ साली आलं आणि १८७८ मध्ये रॉबर्ट ह्यूम यांनी तिथे धर्मशिक्षणाची सेमिनरी काढली. आमचे आजोबा तसल्याच शिक्षणातून तयार झालेले. पण घरात खरी तयार झालेली होती ती आजी. ती 'बायबल बाई' होती. पाटीवर दोन अक्षरं गिरवायला शिकवायची, बाळंतिणीची चौकशी करायची, चुलीपुढे बसून गोष्ट सांगायची. पुरुष सुवार्तिकाला अंगणाच्या पुढे जाता येत नसे, आजी थेट माजघरात. तिला कुणी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, केलं नाही, पगारही आजोबांच्या निम्मा. पण मेली तेव्हा रडायला गावोगावच्या बायका आल्या होत्या.

दिवस घंटेवर चालायचा. पहाटेची घंटा, शाळेची घंटा, संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा. घंटेची दोरी ओढायला मिळावी म्हणून आम्ही पोरं भांडायचो. ट्रेनिंग, ट्रेनिंग म्हणतात ते माझ्या मते निम्मं त्या घंटेत होतं.

रोखठोक
विनंती वाचली, पण हत्ती खोलीबाहेर ठेवून खोलीचं वर्णन कसं करायचं? प्रशिक्षण कशाचं? लोकांना आपल्या धर्मात आणण्याचं. मग त्यावर बोलायचं नाही म्हणजे खाटीकखान्यावर धागा काढून मांसाबद्दल बोलू नका म्हणण्यासारखं आहे. दुष्काळात धान्य देऊन माणसं गोळा केली हा इतिहास नगर जिल्ह्याला तरी कुणी सांगायला नको.

कंपाउंडकर
@रोखठोक, आमचे पणजोबा दुष्काळातच आले. मग? उपाशी माणसाने आधी षड्दर्शनं वाचून मग भाकरीला हात लावायचा होता का? आणि ज्या विहिरीवर त्यांना पाणी मिळत नव्हतं ती विहीर मिशनऱ्यांची नव्हती.

रोखठोक
भाकरी घेणाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. भाकरीसोबत पुस्तक पुढे करणाऱ्याबद्दल आहे. हा फरक तुम्हाला कळतो, मुद्दाम कळत नाही असं दाखवू नका.

कंपाउंडकर
कळतो. आणि खरं सांगायचं तर त्या मुद्द्यात तथ्यही आहे. कंपाउंडात घर मिशनचं, शाळा मिशनची, नोकरी मिशनची. साहेबाच्या मनातून उतरलात की तिन्ही गेलं. माझ्या वडिलांनी त्यापायी आयुष्यभर मान खाली घालून काढलं. पण पणजोबांना त्याआधी मान वर करायचीही सोय नव्हती, हेही त्याच हिशेबात धरा.

जुनी_पाने
वाद रंगतोय, पण अबोलीताईंच्या प्रश्नाकडे मी जरा लांबून येतो. माझा छंद जुनी कागदपत्रं वाचायचा. श्रद्धा वगैरे काही नाही, आधीच सांगून ठेवतो.

'एकत्र राहा, एकत्र जेवा, मग बाहेर पडा' हा नमुना बराच जुना आहे. जर्मनीत सॅक्सनीमध्ये झिंझेन्डॉर्फ नावाच्या सरदाराच्या जमिनीवर १७२२ मध्ये मोरेव्हियातून पळून आलेल्या लोकांनी हेर्नहुट वसवलं. पाच वर्षांत तिथे इतकी भांडणं झाली की वस्ती मोडायची वेळ आली. मग १७२७ मध्ये समेट झाला आणि तासातासाने माणसं बदलत अखंड प्रार्थना सुरू झाली, ती शंभर वर्षांहून जास्त चालली. आपल्याकडच्या नामसप्ताहातला पहारा असतो ना, तसंच, फक्त सप्ताह संपलाच नाही. १७३२ मध्ये तिथून पहिले दोघे वेस्ट इंडिजमधल्या सेंट थॉमस बेटावर गुलामांमध्ये काम करायला निघाले. एक कुंभार, एक सुतार. पंडित एकही नाही. हाताला काम असलेला माणूस कुठेही पोट भरू शकतो, हा त्यामागचा हिशेब.

आता आपल्या देशात या. बंगालमधलं श्रीरामपूर, तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात. इंग्रज कंपनीला मिशनरी नको होते, म्हणून विल्यम केरी १८०० च्या जानेवारीत तिथे गेला. मार्शमन, वॉर्ड आणि त्यांची कुटुंबं मिळून एकच घर, एकच जेवणाचं टेबल, एकच तिजोरी. हे मोरेव्हियन लोकांकडूनच उचललेलं. पुढे केरीला फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवण्याची नोकरी लागली, तो पगार सामायिक पेटीत. मार्शमन पती-पत्नीच्या शाळांचं उत्पन्नही त्याच पेटीत. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शनिवारची संध्याकाळ त्यांनी राखून ठेवली होती ती आठवड्याची आपसांतली भांडणं मिटवायला! रविवारी उपदेश करायचा तर शनिवारी हिशेब साफ हवा.

आता मराठीचा धागा. केरी बंगालमध्ये बसून मराठी शिकवायचा. १८०५ मध्ये त्याचं मराठी व्याकरण आलं, १८१० मध्ये कोश, तोही मोडी लिपीत छापलेला. मदतीला वैद्यनाथ नावाचे पंडित होते. महाराष्ट्रात पाय न ठेवता मराठीचा कोश!

तिखटमीठ
शनिवारची भांडण-मिटवणी आमच्या सोसायटीत सुरू करायला हवी. फक्त ती सोमवारपर्यंत संपणार नाही.

सुई_दोरा
@जुनी_पाने, मग श्रीरामपूरची ती एकच तिजोरी टिकली का?

जुनी_पाने
थोरली पिढी होती तोवर. नंतर आलेल्या तरुण मिशनऱ्यांना म्हाताऱ्यांचा कारभार पटला नाही, ते कलकत्त्यात वेगळे झाले. १८२७ मध्ये तर श्रीरामपूर आणि त्यांना पाठवणारी इंग्लंडमधली मूळ मिशनरी सोसायटी यांचीच फारकत झाली. मुख्य वाद मालमत्ता कुणाची, शब्द कुणाचा चालणार, हाच. एकत्र कुटुंबाची गोष्ट सगळीकडे सारखीच संपते.

उंबरठा
अबोलीताई, तुमचा भाचा जातोय तसल्याच ट्रेनिंगला मी गेलो होतो. नाव सांगत नाही, विचारू नका. सध्या मी चर्चमध्ये वर्षातून दोनदा जातो, त्यामुळे मी कुणाचा प्रचारक नाही आणि कुणाच्या जिवावर उठलेलाही नाही.

आधी साचा सांगतो. 'युथ विथ अ मिशन' ही संस्था लॉरेन कनिंगहॅम यांनी १९६० मध्ये अमेरिकेत सुरू केली. तीन महिने वर्ग आणि दोन-तीन महिने बाहेर, हा साचा त्यांच्या शाळांमुळे जगभर पसरला. आता लहानमोठ्या कितीतरी संस्था तोच वापरतात.

दिवस सहाला सुरू. अर्धा-पाऊण तास 'क्वायट टाइम', म्हणजे बायबल आणि वही घेऊन एकट्याने बसायचं. निम्मे जण वहीवर डोकं टेकून झोपतात. मग न्याहारी, गाणी, मध्यस्थीची प्रार्थना. नऊ ते साडेबारा वर्ग. दर आठवड्याला एक विषय, एक पाहुणा शिक्षक. देवाचा स्वभाव, क्षमा, वडिलांशी असलेलं नातं वगैरे. क्षमेच्या आठवड्यात धडधाकट मुलगे ओक्साबोक्शी रडताना पाहिलेत. दुपारी दोन तास काम. याला कुणालाच सूट नाही. झाडू, संडास, भाजी चिरणं, आणि सगळ्यात भयंकर, साठ माणसांची भांडी. रात्री गटाची बैठक. आठवड्यातून एकदा प्रमुखाबरोबर समोरासमोर बसून 'मन कसं आहे' हे सांगायचं. मुलामुलींनी त्या सहा महिन्यांत प्रेमात पडायचं नाही असा नियम. आमच्या बॅचमधली दोन लग्नं नियम संपल्याच्या पुढच्या महिन्यात ठरली, म्हणजे नियम किती पाळला ते समजून घ्या.

शिकलो काय? साठ माणसांत राहायला शिकलो. केरळचा, नागालँडचा, झारखंडचा मुलगा एका खोलीत, पंखा एकच. माझी पहिली खरी परीक्षा धर्माची नव्हतीच. पंखा कुणाच्या डोक्यावर, ही होती.

खटकलेली गोष्टही सांगतो. तिथे 'देवाने मला सांगितलं' हे वाक्य फार स्वस्त असतं. विद्यार्थ्याने म्हटलं तर लोक हसून पडताळून पाहायला सांगतात. प्रमुखाने म्हटलं की संपलं. आमच्या टीमला एका दूरच्या जिल्ह्यात न्यायचं ठरलं, दोघांना ताप होता, मी म्हटलं चार दिवस थांबू. 'देवाने तारीख दिलीय' असं उत्तर मिळालं. तापात प्रवास केला, एकाला वाटेत सलाइन लागलं. त्या माणसाशी वाद कसा घालणार? त्याने वाद थेट वरच्या कोर्टात नेऊन ठेवला होता.

पैशांचं आणि आउटरीचचं उद्या लिहितो, बोटं दुखली.

चष्मा_शोधतोय
"वाद थेट वरच्या कोर्टात नेऊन ठेवला" – हे आमच्या सासूबाईंनाही जमतं, कुलदैवताच्या नावाने.

लाल_माती
सहा महिने? आम्हा कॅथॉलिकांकडे सहा महिन्यांत नोव्हिसला, म्हणजे नव्या उमेदवाराला, झाडू कुठे ठेवतात एवढंच कळतं. माझा सख्खा भाऊ जेझुइट आहे. दोन वर्षं नोव्हिशिएट, त्यात तीस दिवस पूर्ण मौन धरून आध्यात्मिक साधना. मग पदवी, तत्त्वज्ञान, मध्ये दोनेक वर्षं एखाद्या शाळेत किंवा आदिवासी पाड्यावर काम, मग ईश्वरविज्ञान. फादर व्हायला दहा-बारा वर्षं सहज जातात. आईला वाटायचं, पोराला सोडवून आणावं. सोडून येणाऱ्यांना काही कुणी बांधून ठेवत नाही, त्याच्या बॅचमधले कितीतरी मध्येच बाहेर पडले, आज कुणी प्राध्यापक, कुणी बँकेत. त्यामुळे एवढ्या मोठ्या मुदतीचा एक फायदा आहे: विचार बदलायला वेळ मिळतो. सहा महिन्यांत उत्साह मावळायच्या आतच माणूस मैदानात.

पुण्याचं म्हणाल तर पेपल सेमिनरी १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून इथे आली. आणि प्रोटेस्टंटांची युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळहून १९८३ मध्ये पुण्याला आली. सगळ्यांना शेवटी पुणंच लागतं.

तिखटमीठ
पुणेकर आत्ता कॉलर ताठ करून हा प्रतिसाद कुटुंबाच्या ग्रुपवर टाकत असणार.

सुई_दोरा
लग्नाचा विषय निघालाच आहे तर बाझल मिशनची गंमत ऐका. स्वित्झर्लंडमधल्या बाझलला १८१५ मध्ये मिशनऱ्यांची शाळा निघाली. १८३४ मध्ये ते लोक मंगळूरला आले, पुढे कौलांचे कारखाने काढले, ती मंगळुरी कौलं कोकणात अजून घरोघर आहेत. तर यांच्या मिशनऱ्यांना मनाला येईल तेव्हा लग्न करता येत नसे, आधी समितीची परवानगी. समितीच कित्येकदा वधू शोधून जहाजाने पाठवायची. बंदरावर उतरल्यावर नवरा-नवरीची पहिली भेट!

चष्मा_शोधतोय
म्हणजे अनुरूप वधू-वर सूचक मंडळ, जहाजभाडं वेगळं.

सुई_दोरा
हो ना. त्यातच हर्मन गुंडर्ट, मल्याळमचा मोठा कोशकार, आणि त्याचा नातू हर्मन हेसे, नोबेलवाला. आजोबा इकडे आले धर्म द्यायला आणि नातवाने पुस्तकातून बुद्धाकडे पाहिलं.

रोखठोक
आता पंडिता रमाबाईंबद्दलही बोला की. विधवांसाठी शारदा सदन १८८९ मध्ये काढलं ते कुणावर धर्म लादायचा नाही या बोलीवर. १८९३ मध्ये मुली प्रार्थनेला बसायला लागल्यावर रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, पालकांनी मुली काढून नेल्या. रानड्यांना तरी कुणी सनातनी म्हणणार नाही.

नीलमोहर
@रोखठोक, प्रसंग खरा आहे. पण रमाबाईंचं म्हणणं असं होतं की मी माझ्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करते, कुणी आलं तर हाकलत नाही. हे पटो न पटो, पुढचंही बघा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आल्या, आणि केडगावला 'मुक्ती' हे त्यांचं आश्रयस्थान उभं राहिलं. तिथे शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायका चालवायच्या. त्या काळी विधवेच्या हातात खिळे जुळवायचं काम! १९०५ च्या धार्मिक जागृतीनंतर तिथल्या मुली गटागटाने गावांत जायला लागल्या. आउटरीच हा शब्द नव्हता, गोष्ट तीच.

आणि बायबलचं भाषांतर. त्याआधीचं मराठी बायबल रमाबाईंना अवघड, संस्कृताळलेलं वाटायचं. त्या स्वतः संस्कृतच्या पंडिता, सरस्वती पदवी मिळालेल्या! मग उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत त्यांनी पूर्ण बायबल उतरवलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, छापील ग्रंथ १९२४ मध्ये पूर्ण झाला. भाषा शिकणं हे ज्याला ट्रेनिंगचा गाभा म्हणायचं, त्याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

कंपाउंडकर
तरीही आमची चर्चमधली मराठी अजून भलतीच! 'प्रभूने माझ्या अंतःकरणाला स्पर्श केला', 'मी आशीर्वादित झालो', 'ओझं आलं'. रोज भाजी आणताना असं कोण बोलतं? धन्य ते टिळक. ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन उपासनेत आणलं नसतं तर आम्ही अजून इंग्रजी चालीवर शब्द कोंबत बसलो असतो. ते नगरच्या सेमिनरीत शिकवायचेही.

जुनी_पाने
टिळकांवरून आठवलं, अबोलीताईंच्या पगाराच्या प्रश्नाशी जोडलेलं आहे. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. परदेशी पैशावर उभ्या असलेल्या मिशनरीपेक्षा फकिराचं ऐकलं जातं, असं त्यांना वाटत होतं. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले, त्यामुळे दरबार पुढे कसा चालला असता हे कळायला मार्ग नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या संन्यासाच्या काळात घर कसं चालवलं ते त्यांच्याच आत्मचरित्रात वाचा. संन्यासी एक होतो, डबे दुसरं कुणीतरी भरतं.

आणखी एक, रोखठोक यांच्यासाठी. याच अमेरिकन मराठी मिशनचा जस्टिन अ‍ॅबट. मिशनरी म्हणून इथे आयुष्य काढलं आणि म्हातारपणी महिपतीचा भक्तिविजय, एकनाथ, तुकाराम यांना इंग्रजीत नेत बसला. कोण कुणाला बदलायला आलं होतं?

रोखठोक
अ‍ॅबटला माझा नमस्कार. बाकीचं मत कायम.

तिखटमीठ
नोंद घ्या, रोखठोक यांनी एका मिशनऱ्याला नमस्कार केला. धागा वाचनखुणेत टाकतोय.

(मध्यंतरी आलेले अकरा वैयक्तिक प्रतिसाद काढून टाकले आहेत. जात, आडनाव, 'तिकडे निघून जा' हे इथे चालणार नाही. – व्यवस्थापन)

उंबरठा
काल म्हटलं होतं ते लिहितो.

पैसे. ट्रेनिंगची फी स्वतःची. पुढे स्टाफ म्हणून राहिलात तर पगार शून्य, उलट राहण्या-जेवणाचे पैसे तुम्हीच महिन्याला बेसला द्यायचे. ते आणायचे कुठून? 'सपोर्ट' उभा करायचा. म्हणजे मामा, मावशी, चर्चमधले काका, जुने मित्र यांना पत्र लिहायचं: मी अमुक काम करतोय, प्रार्थना करा, आणि प्रभूने सुचवलं तर दरमहा काही मदत करा. हे पत्र कसं लिहायचं याचाही वर्ग असतो. हडसन टेलर यांनी १८६५ मध्ये चायना इनलँड मिशन काढलं तेव्हा कुणाकडे मागायचंच नाही, फक्त प्रार्थना करायची, असा दंडक होता. आता दंडक सैल झालाय आणि पत्रात फोटो असतो. मला ते पत्र लिहिताना आयुष्यात सगळ्यात जास्त लाज वाटली. ज्यांनी पाठवले त्यांत आमच्या चाळीतले एक जोशीकाका होते, दोनशे रुपये. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'देवाचं मला माहीत नाही, तू नीट जेव.'

आउटरीच. चौकात मूकनाट्य, पोरांबरोबर फुटबॉल, एका शाळेचे संडास दुरुस्त केले, घरोघरी जाऊन आजाऱ्यांसाठी प्रार्थना. फोटो छान आले. आम्ही सात आठवड्यांनी निघालो. त्या भागात एक स्थानिक पाळक होते, मोडकी मोटरसायकल, दोन खोल्यांचं घर. आम्ही गेल्यावर चौकशीला माणसं आली ती त्यांच्या दारात. तीन दिवस त्यांना चौकीत बसवून ठेवलं. आम्हाला हे वर्षभराने कळलं, तेही दुसऱ्याच कुणाकडून. आमच्या अहवालात 'सात आठवडे, सोळा गावं' असं होतं. त्यात ते तीन दिवस कुठेच नव्हते. मी स्टाफ म्हणून राहिलो नाही त्याचं कारण विचाराल तर हेच.

आणि अबोलीताई, परत येता येतं. मी आलो. दार उघडंच होतं. परत येताना जड जातं ते लोकांच्या 'काय झालं रे?' ला उत्तर देणं.

काळा_कोट
कायद्याचं थोडक्यात, कारण भाचा दुसऱ्या राज्यात जाऊ शकतो.

घटनेच्या अनुच्छेद २५ मध्ये धर्म आचरण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचाही हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की प्रसार म्हणजे आपली शिकवण सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणणं हा मूलभूत हक्क नव्हे. तो खटला मध्य प्रदेश आणि ओडिशाच्या कायद्यांवरून होता, हे कायदे १९६७-६८ चे. आता आणखी बऱ्याच राज्यांत असे कायदे आहेत आणि नवे जास्त कडक आहेत. 'आम्ही फक्त नाटक केलं' हा बचाव ठाण्यात चालेलच असं नाही. निघायच्या आधी कुठल्या राज्यात जाणार हे विचारा आणि तिथला कायदा वाचा. टीममध्ये परदेशी पाहुणे पर्यटक व्हिसावर असतील आणि तेच माइक हातात घेणार असतील तर भाच्याने त्या टीमपासून दोन हात लांब राहावं. परदेशी देणग्यांचा कायदा २०१० चा, २०२० मध्ये आणखी आवळलेला, त्यामुळे संस्थेचे हिशेब बघायला मागण्यात काहीही उद्धटपणा नाही.

नीलमोहर
यात माझी भर. मूळ पदवीची प्रमाणपत्रं आणि आधार कार्ड कुणाच्याही ताब्यात द्यायचं नाही. फोन रोज नको, पण आठवड्यातून एकदा आईशी एकांतात बोलता आलं पाहिजे. परतीच्या तिकिटाचे पैसे त्याच्या खात्यात वेगळे ठेवा, कुणाला न सांगता. हे मी मुलीला परदेशी शिकायला पाठवताना केलं होतं, त्यात धर्माचा संबंध नाही.

लाल_माती
आणि ताईंना सांगा, भेटायला जा. न कळवता. जी जागा न कळवता आलेल्या आईला चहा देते ती बहुधा ठीक असते.

अबोली
सगळ्यांचे आभार. @उंबरठा, तुमचा प्रतिसाद ताईला वाचून दाखवला, ती जोशीकाकांपाशी थांबली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. भाच्यालाही पाठवला. त्याचं उत्तर: 'त्या पाळकांबद्दल मी तिथे पहिल्याच दिवशी विचारेन.' बघू. येत्या सोमवारी निघतोय.

@रोखठोक, तुमचा राग आला नाही. आजोबांशी तुमची छान जुंपली असती, ते भांडून झाल्यावर चहा पाजायचे.

(तीन महिन्यांनंतर)

तिखटमीठ
धागा वर काढतोय. अबोलीताई, भाचा आहे कुठे?

अबोली
आहे, मजेत आहे. ताई न कळवता जाऊन आली. चहा मिळाला, पण कप भाच्यानेच विसळून आणला, ते बघून तिला काय बोलावं सुचेना. घरी स्वतःचं ताट उचलत नव्हता. पंखा अजून मिळालेला नाही म्हणतो. आउटरीच पुढच्या आठवड्यात. त्याच्या टीमने तिथल्या पाळकांना आधी फोन करून विचारलं, यायचं का आणि काय करायचं. ते म्हणाले, नाटक नको, चर्चचं छप्पर गळतंय ते बघा. तर आमचे मेकॅनिकल इंजिनिअर पत्रे ठोकायला चाललेत.

आणि ते पत्र आलं. सपोर्टचं. दाजींच्या नावाने, फोटोसकट. 'प्रिय बाबा, प्रभूने माझ्या अंतःकरणाला स्पर्श केल्याने मी आशीर्वादित होऊन आपणाशी हे सहभागित करीत आहे...' दाजींनी चष्मा लावला, शाळेतलं जुनं लाल पेन शोधलं, सगळं पत्र तपासलं आणि पोस्टाने परत पाठवलं. पैसे नाही, चिठ्ठी नाही. तीन महिन्यांतला त्यांचा मुलाशी झालेला हा पहिला व्यवहार.

कंपाउंडकर
किती चुका निघाल्या?

अबोली
सतरा. त्यातली 'सहभागित' दोनदा खोडली आहे. काल दुरुस्त केलेलं पत्र पुन्हा आलंय, दाजी सकाळपासून ते घेऊन बसलेत.